सातात क्लॅरिनेट, आठात ढोल

शनिवार, जानेवारीतला तिसरा. धाराशिवचं नाट्यगृह, दुपार. हजर : सासरे, क्लॅरिनेटसह. धाकटे दीर, ढोलासह. आमच्या बँडातले आणखी पाच जण. पुण्याहून आलेले तीन व्हायोलिनवाले, एक चेलोवाली आणि त्या चौघांना हाताच्या इशाऱ्यानं चालवणाऱ्या त्यांच्या बाई. शिवाय मी : लॅपटॉप, डब्यांची पिशवी आणि सासऱ्यांचा दम लागल्यावर ओढायचा पंप. गैरहजर : माझे यजमान, परंडा-कुर्डुवाडी एसटीवर ड्यूटी.

ही हजेरी मी बार्शीमार्गे येताना टेम्पोतच लिहून काढली होती. मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. माणसं मोजल्याशिवाय काम सुरू झालं असं मला वाटत नाही. घरच्या बँडच्या तारखाही मीच सांभाळते. कुठल्या गावी लग्न, वरात किती वाजता निघणार, टेम्पो कुणाचा, गणवेश इस्त्रीहून आले का. परंड्यात आमच्या फ्रिजच्या दारावर कायम एक कागद असतो आणि त्यावर अक्षर माझं असतं. त्या दिवशी पर्समध्ये असलेल्या कागदावर शेवटची ओळ होती : मामा खुर्चीवर बसून वाजवतील. तिच्यापुढे टिक व्हायची होती.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. खुर्चीचं एवढं काय, ते सांगायला हवं.

लग्नाचा बँड रस्त्यावरचा. वाजवायचं ते चालत, नाहीतर उभ्यानं. मांडवाच्या दाराशी आला की बँड थांबतो. नवरदेव आत जातो, वऱ्हाड आत जातं, बँड बाहेर राहतो. मामा मिसरूड फुटायच्या आधीपासून क्लॅरिनेट वाजवतायत, आणि जन्मात एकदाही बसून वाजवलेलं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांची छाती कुरकुरायला लागली. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रस्त्यावरची धूळ आणि वरातीतला फटाक्यांचा धूर बंद. वाजवायचंच असेल तर बसून, थोडं, आणि छताखाली. मामांनी सगळं मान डोलावून ऐकलं. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाले, “डाक्टर म्हनतोय बसून वाजवा. आजवर बसा म्हनलं व्हतं का कुनी?” मग थोडं थांबून, “येकदा आत बसून वाजवायचंय, सूनबाई. येकदाच. मग ठिवतो पेटीत.”

आमच्या बँडची एक रीत आहे. तिला घरात ‘गाठ’ म्हणतात. नवरदेव मांडवाच्या दारात आला की बाकीची वाद्यं थांबतात. क्लॅरिनेट सात ठोक्यांचं एक वळण धरतं, ढोल आठ ठोक्यांचं. ठोक्याची चाल दोघांची एकच. दोघं बरोबर निघतात, पण क्लॅरिनेटचं वळण एक ठोका आधी संपतं आणि ते पुढचं सुरू करतं. दुसऱ्या फेरीला अंतर दोन ठोक्यांचं, मग तीन. नव्या माणसाला वाटतं, बिघडलं. ओवाळायला ताट घेऊन उभी असलेली नवरीची आईसुद्धा हात आवरते. आणि सातआठे छप्पन्न ठोके झाले की दोघं परत एकाच ठोक्यावर येऊन पडतात. त्या ठोक्यावर नवरदेवानं उजवा पाय आत टाकायचा. गाठ पडल्याशिवाय आत जायचं नाही. घाई करणाऱ्याला दीर एका हातानं वाजवत ढोलाची दुसरी काठी आडवी धरतात. लग्न मंगलाष्टकांचं असो की बुद्धवंदनेचं, परंडा-भूम-वाशीकडे आमच्या बँडनं गाठ वाजवली नाही तर लोक विचारतात.

कुणीतरी फोनवर काढलेली गाठ फिरत फिरत पुण्याच्या त्या बाईंपर्यंत गेली. त्यांचा चार वाद्यांचा संच धाराशिवला कार्यक्रमासाठी येणार होता. त्यांनी फोन केला.

“आम्हाला तुमच्या गाठीत वाजवायचंय. स्टेजवर, तुमच्या लोकांबरोबर, सगळे खुर्च्यांवर. पण मला ते लिहिलेलं हवं. पाच रेघांवर. माझी मुलं कागद बघून वाजवतात.”

पुढे त्यांनी सरळच सांगितलं. आदल्या दिवशी तालीम. जमलं तर आत. नाही जमलं तर बँडनं दारात पाहुण्यांचं स्वागत करायचं, नेहमीसारखं.

“न्हेमीसारखं,” दिरांनी तो शब्द नुसता परत म्हणून दाखवला.

लिहिणार कोण? शाळेत असताना मी हार्मोनियमच्या दोन-तीन परीक्षा दिल्या होत्या, आणि घरात कीबोर्डवर दहा बोटं चालवणारी मी एकटी. काम माझ्याकडे आलं. मुलाचा जुना लॅपटॉप होता. नोटेशन लिहायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्यावर घेतलं आणि शाळेत जायच्या आधी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायला लागले. फोनवर गाठ लावायची, थांबवायची, एक स्वर पानावर टाकायचा, परत लावायची.

अशा पानावर प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी असते, आणि ओळीच्या सुरुवातीला दोन खुणा असतात. पहिली सुराची, दुसरी एका खणात ठोके किती त्याची. खणाला बार म्हणतात. एवढं मला पहिल्या दिवशी कळलं. उरलेलं कळायला बराच त्रास झाला.

पहिला घोळ सुरांचा. मी क्लॅरिनेटची ओळ घेतली तर सॉफ्टवेअरनं तिच्यापुढे आपणहून एक शार्प, म्हणजे तीव्र स्वराची खूण, मांडला. खालच्या व्हायोलिनच्या ओळीपुढे होता फ्लॅट, म्हणजे कोमलाची खूण. दीर चहाचा कप घेऊन माझ्या खांद्यावरून बघत होते.

“वयनी, ह्यांचं भांडान झालंय व्हय? वरचा एक सूर म्हनतोय, खालचा दुसराच.”

“मलाही तेच वाटतंय, भाऊजी.”

“मग करा की सारखं. बँडात सूर एकच पायजे.”

मी खूण सगळीकडे सारखी केली, क्लॅरिनेटचे स्वर त्याप्रमाणे पुन्हा भरले आणि वाजवून बघायचं बटण दाबलं. लॅपटॉपमधून जे निघालं त्यानं खिडकीतलं मांजर उठून गेलं. दोन माणसं एकच गाणं एकमेकांकडे पाठ करून म्हणतायत असं काहीतरी. बाहेरच्या खोलीतून मामांचा आवाज आला, “बंद कर तो डबा! परत ऐकवू नगंस मला!”

चूक अशी होती की क्लॅरिनेटवर बोटं ज्याला सा म्हणतात तो कानाला एक स्वर खाली ऐकू येतो. म्हणून कागदावर त्याला एक स्वर वर लिहायचं. खुणा वेगळ्या दिसल्या तरी कानाला सूर एकच. सॉफ्टवेअरचं बरोबर होतं. मी सगळं पूर्ववत केलं आणि कागदावर लिहिलं : पानावर वेगळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही.

दुसरा घोळ ठोक्यांचा. तो घोळ आहे हेच मला कळलं नाही.

मी क्लॅरिनेटच्या ओळीवर सातची खूण टाकली, तर सगळं पानच सातात गेलं. ढोल, ट्रंपेट, व्हायोलिन, सगळे. मागे घेतलं, आठ टाकलं, तर क्लॅरिनेटही आठात. दोन सकाळी यात गेल्या. तिसऱ्या सकाळी मदतीच्या पानांत सापडलं : कीबोर्डवरची एक कळ दाबून धरून खूण टाकली तर ती त्या एकाच ओळीला लागते. टाकली. वर सात, खाली आठ. आणि बारांच्या उभ्या रेघा वरपासून खालपर्यंत ओळंब्यात. पान इतकं नीट दिसत होतं की मला फार बरं वाटलं. क्लॅरिनेटच्या प्रत्येक वळणाच्या पहिल्या स्वराला व्हायोलिननं साथ द्यायची, असं बाईंनी सांगितलं होतं. मी प्रत्येक बारच्या सुरुवातीला त्यांचा स्वर मांडला. आठ वळणं, आठ बार. वाजवून बघितलं तेव्हा क्लॅरिनेटची चाल थोडी सैल वाटली. डब्यात कुठला जीव, म्हटलं. मामांना ऐकवायची सोय नव्हतीच. गुरुवारी फाईल पुण्याला पाठवली आणि टिक केली.

शनिवारी नाट्यगृहात स्टेजवर खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या होत्या. मामांची खुर्ची मधोमध. ते तिच्याभोवती एकदा फिरले, पाठीवर हात ठेवून ती डुगडुगते का बघितलं आणि बसले. गुडघे जुळवून, पाहुण्यांच्या घरी बसतात तसे. दिरांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी पंप पर्सच्या वरच्या कप्प्यात आणला.

बाईंनी हात वर केला. पहिला ठोका सगळ्यांचा एकत्र पडला. छान दणदणीत. दुसऱ्या वळणाला क्लॅरिनेट निघालं, व्हायोलिन एक ठोका उशिरा आलं. तिसऱ्याला दोन ठोके. व्हायोलिनवाली मुलगी कागदाकडे बघे, मग मामांकडे, मग परत कागदाकडे. बाईंनी हात खाली घेतला.

“काका, तुम्ही बारच्या आधी येताय.”

“आधी न्हाय, ताई. सुटतोय.”

“सुटताय म्हणजे?”

“ढोलापासनं सुटतोय. सुटल्याबिगर गाठ कशाची पडंल?”

परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा तर व्हायोलिनं मामांच्या मागे धावायला लागली आणि ढोल एकटा पडला. मामा आणि दीर गाठीवर पोचले तेव्हा त्या चौघांचा एक अख्खा बार शिल्लक होता. तो त्यांनी तसाच वाजवून टाकला, रिकाम्या मांडवात.

बाईंनी कागद माझ्यासमोर धरला. त्या चिडल्या नव्हत्या, पण घड्याळाकडे बघत होत्या. संध्याकाळी स्टेज लाइटवाल्यांना द्यायचं होतं, आणि त्याच्या आधी त्यांना आयोजकांना कळवायचं होतं की उद्या खुर्च्या किती लावायच्या.

“इथं तर प्रत्येक बारला दोघं एकत्र आहेत,” त्या म्हणाल्या. “बघा ना, रेघ सरळ आहे.”

मी बघितलं. रेघ सरळ होती. सॉफ्टवेअरनं सात ठोके ताणून आठांच्या जागेत बसवले होते. त्याच्या लेखी एक बार म्हणजे एक बार, मग आत सात असोत की आठ. माझ्या पानावर क्लॅरिनेट आणि ढोल दर बारला बरोबर निघत होते आणि बरोबर पोचत होते. कधी सुटतच नव्हते. सुरांच्या वेळी पानावर वेगळं दिसलं आणि कानाला एक होतं. इथं पानावर एक दिसत होतं आणि कानाला वेगळं असायला हवं होतं. मी पान सरळ दिसतंय यावर खूश होऊन बसले होते.

मी ते सांगितलं. जेवढं होतं तेवढंच.

“वयनी,” दीर म्हणाले, “तुमी तर नवरदेवाला पहिल्याच ठोक्याला आत घातला की.”

बँडातले हसले. मला हसू आलं नाही.

बाईंनी थोडा विचार केला. मग मामांच्या खुर्चीपाशी जाऊन वाकून म्हणाल्या, “काका, एक करू या का? तुम्हीही आठातच वाजवा. एक स्वर लांबवायचा, बस. सूर तोच, धून तीच. म्हणजे कागद आहे तसा चालेल. तुम्ही इथंच बसायचं, मध्यावर. लोकांना फरक कळणार नाही.”

मला वाटलं मामा रागानं उठून जातील. मी त्यांना पूर्वी उठताना बघितलेलं आहे.

मामांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं. “वाजवतो आठात,” म्हणाले.

“आबा!” दीर ओरडले.

“काय आबा? बसायला मिळतंय. सात का आठ, ऐकनाराला काय कळतंय?”

“मला कळतंय. तुमी आठात वाजवा, म्या ढोल टेंपोत ठिवतो.”

“ठिव. साइड ड्रमवर भागवू.”

साइड ड्रमवाला जमिनीकडे बघायला लागला. बापलेक असं कधी बोलत नाहीत. वरातीत एकमेकांकडे न बघता सात आणि आठ सांभाळणारे हे दोघं, आणि आता एकमेकांकडेच बघत होते. मामांचा चेहरा मला पहिल्यांदा म्हातारा दिसला. ते हट्ट करत नव्हते. पुढचा हंगाम आपला नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि दीर ते मानायला तयार नव्हते.

माझ्या मनात काय होतं? खरं सांगायचं तर मला मामांचं म्हणणं सोयीचं वाटलं. डॉक्टरांनी बसूनच वाजवायला सांगितलं होतं. खुर्ची होती. ओळीपुढे टिक करता आली असती. पण ती टिक माझ्या चुकीच्या पानाच्या जोरावर झाली असती, आणि ते मला सोसेना.

“चहा सांगा सगळ्यांना,” मी म्हणाले. “चहा होईस्तोवर त्या चौघांचे कागद मला द्या. आणि पेन्सिल. भाऊजी, तुम्ही इकडे या.”

विंगेत एक मोडकं टेबल होतं. लॅपटॉप उघडलाच नाही. प्रिंटर नव्हता, आणि त्या सॉफ्टवेअरला त्या क्षणी काही समजावून सांगायची माझी ताकद नव्हती. कागद हे त्या चौघांसाठी, मामा तर कागद बघतही नाहीत. मग त्या चौघांना सात दाखवायची गरजच काय? त्यांनी आठातच राहायचं. फक्त क्लॅरिनेटचं वळण त्यांच्या आठातल्या कितव्या ठोक्यावर सुरू होतं, एवढं त्यांना कळलं की झालं.

“बोटानं आठ मोजा,” मी दिरांना म्हटलं, “आणि आबांचं वळण तोंडानं म्हणा. प्रत्येक वळणाच्या पहिल्या स्वराला मला टोका.”

ते टेबलावर मोजायला लागले. आवाजात अजून राग होता, पण ठोका हलत नव्हता. मी टिपत गेले. पहिल्या बारात एकावर, आणि मग आठव्यावर. दुसऱ्या बारात सातव्यावर. तिसऱ्यात सहाव्यावर. चौथ्यात पाचव्यावर. मी पेन्सिल थांबवली. दिरांनीही.

“उतरतंय की ओ हे,” ते म्हणाले.

पाचव्यात चौथ्यावर, सहाव्यात तिसऱ्यावर, सातव्यात दुसऱ्यावर. आणि मग आठव्या बारचा एक. गाठ. दीर लहानपणापासून ढोल वाजवतायत आणि मी लग्न होऊन आल्यापासून गाठ ऐकतेय. हे असं पायरी-पायरीनं उतरतं, हे दोघांनीही कधी मांडून बघितलं नव्हतं. शेवटचा जादाचा बार मी खोडला, तिथे फक्त गाठीचा एक ठोका ठेवला, आणि चारही कागदांवर पायऱ्या उतरवल्या.

बाईंनी कागद बघितला आणि त्यांच्या मुलांना दोनच शब्दांत सांगितलं, “जिना आहे.” त्यांना कळलं.

चहाचे कप खाली ठेवले गेले. मामा म्हणाले, “सातात का?”

“सातात,” मी म्हटलं. “बसून.”

या वेळी व्हायोलिनं बरोबर पायरीवर पाय ठेवत आली. एकावर, आठावर, सातावर. आणि चौथ्या बारात मामा चुकले. वळण एक ठोका लांबलं. ते थांबले, मान हलवली, परत सुरू केलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्या खेपेला तर दुसऱ्याच बारात ते ढोलाला जाऊन चिकटले. व्हायोलिनवाले बरोबर आणि मामा चूक, असं कधी होईल हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. त्यांना धाप लागली होती. मी पंप घेऊन पुढे धावले.

त्यांनी हात आडवा केला. “पंप नगं. छाती न्हाय. पाय.”

“पाय दुखतायत?”

“दुखत न्हायत. न्हायतच.” ते स्वतःच्या पायांकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. “सात पायात हाय, सूनबाई. डावा टेकला की वळन संपतंय. बसलं की पाय मुकं हुत्यात.”

बाई म्हणाल्या, बसल्या बसल्या टाच आपटून बघा. त्यांनी बघितली. नुसत्या टाचेनं होईना. “अंगाचा भार पडाय लागतो,” म्हणाले.

आणि ते उठून उभे राहिले.

डॉक्टरांचा शब्द मला आठवत होता. तो पाळायला लावणंही माझंच काम होतं. मी तोंड उघडलं, आणि दिरांनी मला हातानं थांबवलं. त्या हातातली ढोलाची काठी आडवी होती, घाई करणाऱ्या नवरदेवापुढे धरतात तशी.

मामा खुर्चीच्या पुढ्यात उभे राहिले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, मांडवाच्या दारात झुकतात तसे. बाईंनी हात वर केला. एकावर. आठावर. सातावर. चेलोचा आवाज पायऱ्या उतरत खाली आला, आणि क्लॅरिनेट ढोलापासून सुटत सुटत लांब गेलं, इतकं लांब की आता परत येत नाही असं वाटावं. मग तीन, मग दोन, आणि सगळे एकावर पडले. साइड ड्रमवाल्यानं “हांग!” म्हटलं.

बाई म्हणाल्या, “परत.”

परत केलं. परत गाठ पडली. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “उद्या एवढा वेळ उभे राहू शकतील?”

“डॉक्टरांनी बसायला सांगितलंय.”

“ऱ्हातो हुबा,” मामा म्हणाले. “पर खुर्ची ऱ्हाऊ द्या.”

“तुम्ही बसणार नसाल तर ती मध्ये अडचण होईल, काका.”

“ऱ्हाऊ द्या म्हनलं.”

लाइटवाले आले होते. त्यांच्यातला एक जण खुर्ची उचलायला लागला. मी डब्यांची पिशवी तिच्यावर ठेवली आणि उभी राहिले. आयोजकांना काय कळवलं ते बाईंनी मला दाखवलं : बँड आत.

दुसऱ्या दिवशी मी विंगेत होते. डाव्या हातात पंप, उजव्या हाताची बोटं मोजत. समोर हॉल भरलेला. धाराशिवचे लोक होते, तुळजापूरकडचे होते, अणदूरहून एक जीप भरून आली होती. पहिले तीन बार नीट गेले. चौथ्याला मामांच्या मानेची शीर वर आली. पाचव्यात त्यांनी श्वास घ्यायचा तिथे घेतला नाही. घेतला असता तर एक ठोका लांबला असता. मी एक पाऊल पुढे टाकलं. स्टेजच्या उजेडाची कड माझ्या चपलेवर आली. दीर ढोलावरून नजर न हलवता किंचित मान हलवत होते, नको म्हणून. तीनावर. दोनावर. मामांचा डावा पाय टेकला.

गाठ पडली. आणि त्याच ठोक्यावर मामा बसले.

धपकन नाही, दमून नाही. नवरदेव उजवा पाय टाकतो तसे, ठरवून. क्लॅरिनेट ओठांना तसंच होतं. शेवटचा स्वर त्यांनी खुर्चीत बसून सोडला. ढोलाची काठी दिरांनी खाली घेतली, दारातून बाजूला घेतात तशी. व्हायोलिनं तो एक स्वर धरून राहिली. मागच्या रांगेतून कुठल्या तरी बाईचा आवाज आला, “पडली गं!” आणि मग टाळ्या.

मामा बसून होते. त्यांना पंप दिला तो त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर ओढला.

आता घरी आल्यावरची कामं. बाईंना नीट केलेली फाईल हवी आहे, त्यांचा संच गाठ आणखी एके ठिकाणी वाजवणार आहे. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या ओळी आठात घेतल्या : झालं. क्लॅरिनेटच्या वळणांच्या जागी वर तुटक रेघा काढल्या, म्हणजे बघणाऱ्याला सातही दिसतील : झालं. सुरांच्या खुणा वेगळ्याच ठेवल्या : झालं. वाजवून मामांना ऐकवलं : झालं. डबा आहे म्हणाले, पण शेवटपर्यंत ऐकलं. क्लॅरिनेट पेटीत आहे. पेटी कपाटावर ठेवू का, विचारलं, तर खाटेखालीच असू दे म्हणाले.

राहिलं आहे ते आठव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर काय लिहायचं, ते. दारात त्या ठोक्याला नवरदेव आत जातो. धाराशिवला मामा बसले. पुण्याचे लोक वाजवतील तेव्हा त्या ठोक्याला काहीतरी व्हायला हवं, नाहीतर नुसता जिना उतरून झाला, असं बाई म्हणतात आणि मलाही ते पटतं. मी मामांना तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, जेवाय वाढ. काल म्हणाले, “त्यांच्यात कुनाला आत जायचं ऱ्हायलंय, ते आधी इच्यार त्यांना.”

फाईल पाठवलेली नाही. फ्रिजच्या दारावरच्या कागदावर एक ओळ अजून टिकेशिवाय आहे : पुण्याला फोन करून विचारणे.